ताईच्या नंतरचा घोट

मी दहा दिवस बंगलोरला राहून आलो आणि लालबाग पाहिली नाही, हे ऐकून आमच्या शाळेतले सगळे मास्तर हळहळले. एकजण म्हणाला, "गुरुजी, म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परत आलात की!" राजवाडाही मी बाहेरूनच पाहिला, तोही जटक्याचा, म्हणजे तिकडच्या छोट्या टांग्याचा, घोडा नेमका तिथे अडून बसला म्हणून. तेव्हा ज्यांना बंगलोरची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं हे बरं. मी तिथे एका माणसाला भेटायला गेलो होतो आणि जाताना फार भ्यालो होतो. त्याची ही हकीकत आहे.

मी राहुरीच्या शाळेत मुख्याध्यापक आहे. आमचं घराणं दोन पिढ्यांचं ख्रिस्ती. माझी थोरली बहीण मार्थाताई नर्सिंग शिकली आणि बंगलोरच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. अकरा वर्षांपूर्वी तिच्या कोपरावर एक फिकट चट्टा उठला. तिनं त्यावर टाचणी टोचून पाहिली, दुखलं नाही, आणि नर्सला जे कळायचं ते तिला कळलं. तेव्हापासून ती शहराबाहेरच्या महारोग्यांच्या आश्रमात होती. गावात आम्ही सांगत आलो की ताईला रजा मिळत नाही. वडील वारले तेव्हाही हेच सांगितलं, आणि लोकांनी ताईला बोल लावला तो ऐकून घेतला.

मी स्वच्छतेचा भोक्ता आहे. दर सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांची नखं तपासतो, प्रवासात स्वतःचा पेला बरोबर नेतो. ताईचं पत्र आलं की मी ते आधी दोन तास उन्हात ठेवत असे आणि मग वाचत असे. याला मी आरोग्यशास्त्र म्हणत होतो. ती निव्वळ भीती होती, पण हा शब्द मी कधी वापरला नाही.

यंदा पावसाळा संपता संपता आश्रमाच्या डॉक्टरांचं पत्र आलं. नव्या गोळ्यांनी गुण आला आहे, लागोपाठ कितीतरी तपासण्यांत जंतू सापडलेले नाहीत, तुमच्या बहिणीपासून आता कुणाला धोका नाही, तुम्ही तिला घरी नेऊ शकता, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. हेही पत्र मी उन्हात ठेवलं होतं. माझी बायको करुणा मनानं वाईट नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही एकदा जाऊन बघून या. पण आपली तिन्ही पोरं लहान आहेत, तेवढं लक्षात असू द्या." मी दिवाळीच्या सुटीला जोडून रजा काढली आणि निघालो. ताईला आणायचं की नाही, हे मला तिथे ठरवायचं होतं. खरं सांगायचं तर न आणण्यासाठी एखादं सभ्य कारण मिळतं का, हे पाहायला मी चाललो होतो.

राजाजीनगर

वसंता हा माझा जुना विद्यार्थी. तिथल्या सरकारी कारखान्यात तो इंजिनियर आहे. स्टेशनवर त्यानं वाकून नमस्कार केला आणि उठता उठता दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी म्हटलं, "दाखव." बिचाऱ्याच्या नखांत कारखान्याचं काळं तेल होतं. दोघंही खूप हसलो.

मी त्याच्याकडे उतरलो ते राजाजीनगर ही नवी वसाहत. लाल मातीचे सरळ रस्ते, सारख्या वळणाची छोटी घरं, आणि घरं संपली की लगेच नाचणीची शेतं. सकाळी धुकं इतकं असतं की दूधवाल्याची सायकल आधी ऐकू येते आणि मग दिसते. नोव्हेंबरात आमच्याकडे थंडी अजून बेतात असते, तिथे मला वसंताचं स्वेटर घालावं लागलं. बाह्या आखूड पडल्या.

वसंताची बायको सुमन मूळची साताऱ्याची, पण शेजारणींच्या संगतीनं तिची मराठी आता मजेशीर झाली आहे. "गुरुजी, स्वल्प थांबा, कॉफी उतरते आहे," असं ती म्हणे, आणि मी काही सांगितलं की "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा ती कॉफी प्यायलो. पितळी वाटीत आणि पेल्यात खालीवर करून फेस आणतात. आमच्या गावच्या चहाशी मी एकनिष्ठ आहे, तरी पहिल्या घोटाला माझी निष्ठा डळमळली हे कबूल करतो.

पण त्याहून मला आवडली ती तिथली पिण्याची रीत. शेजारचे कानडी आजोबा गप्पांना आले होते. त्यांनी पेला ओठाला लावलाच नाही. मान मागे टाकून वीतभर वरून धार सोडली, एक थेंब सांडला नाही. वसंता म्हणाला, "इकडे जुनी माणसं अशीच पितात. भांडं उष्टं होत नाही." मला वाटलं, हे राष्ट्र माझंच आहे! त्या संध्याकाळी अंगणात उभा राहून मी पाण्यावर सराव केला. सुमन आतून पाहत होती. तिनं निमूटपणे टॉवेल आणून दिला.

वसंताला मी सांगितलं होतं की माझी बहीण के. आर. पुरमच्या बाजूला एका दवाखान्यात असते. कसला दवाखाना ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

के. आर. पुरमच्या पुढे

गुरुवारी सकाळच्या गाडीनं के. आर. पुरमला उतरलो. स्टेशनाबाहेर दोन जटके उभे होते. आपला टांगा मोठा आणि ऐसपैस. जटका म्हणजे घोड्यामागे लावलेली पेटी, आत पाय दुमडून बसायचं. मी आश्रमाचं नाव दबक्या आवाजात घेतलं. जटकेवाला म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "मार्थक्का के पास जाते क्या? उनकू कौन नै पैचानता! मेरी औरत के पाँव का जखम उनोंइच धोए."

मला वाटत होतं की हा आपल्याला फाटकापासून लांब उतरवेल. त्यानं जटका सरळ आत नेला, पहारेकऱ्याच्या खोलीपाशी मडक्यातलं पाणी काढून प्यायला, तोंड पुसलं आणि झाडाखाली आडवा झाला. मी माझी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होतो.

ताई दवाखान्याच्या ओसरीवरून आली. अकरा वर्षांनी पाहत होतो. केस पांढरे झाले होते, भुवया विरळ झाल्या होत्या. चालणं मात्र तेच, टाच आपटत. तिनं डावा हात पदराखाली घेतला होता. माझ्यापासून चार हातांवर ती आपणहून थांबली.

"सलाम, शांतवन. जाड झालास रे."

"सलाम, ताई."

रडू आलं, ते मी धुळीवर ढकललं. ताईनं मला तिच्या खोलीत नेलं. सारवलेली जमीन, एक खाट, एक खुर्ची, भिंतीला वडिलांचा फोटो. तिनं स्टोव्ह पेटवला, माझ्यादेखत पातेलं उकळत्या पाण्यानं विसळलं, पेलाही विसळला. मला दाखवण्यासाठी ती हे करत होती हे मला कळत होतं. कॉफी समोर ठेवून ती खाटेच्या पार दुसऱ्या टोकाला बसली.

माझा स्वतःचा पेला पिशवीत होता, पण तो काढायची लाज वाटली. मग मला ती रीत आठवली. मी पेला उचलला, मान मागे टाकली आणि शेजारच्या आजोबांसारखी वरून धार सोडली. कॉफी कढत होती. अर्धी नाकात गेली, अर्धी सदऱ्यावर. मी ठसकत, खोकत उभा राहिलो.

ताई उठली, टॉवेल घेतला, आणि माझ्या हातात न देता खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"ते तुला जमायचं नाही," ती म्हणाली. "इकडच्या लोकांना लहानपणापासून सवय असते." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी घरी नेण्याचा विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही. परत आल्यावर सुमननं सदरा धुवायला मागितला. मी तो तिला न देता स्वतःच धुतला, दोनदा.

शनिवार

पुन्हा गेलो तेव्हा ताई भाजीच्या वाफ्यात होती. आश्रमातली माणसं पावट्याच्या शेंगा तोडत होती. तिकडे या शेंगांचं भारी कौतुक, इडली सोडून सगळ्यात घालतात असं वसंता म्हणाला होता. मी बांधावर उभा राहिलो आणि तयार करून आणलेलं बोलायला लागलो. करुणाची तब्येत नाजूक असते, घर दोन खोल्यांचं आहे, मुलांच्या परीक्षा...

"शांतवन," ताईनं मला मध्येच तोडलं, "तू मला बघायला आलास ना? बघ." तिनं डावा हात पदराबाहेर काढून समोर धरला. दोन बोटं आत वळलेली होती. "हे असंच राहणार. रोग गेला, बोटं सरळ व्हायची नाहीत. डॉक्टर काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. आता मी सांगते ते ऐक. मी येत नाही."

माझ्या मनावरचं ओझं उतरलं, हे मी लिहून ठेवतो. आणि दुसऱ्याच क्षणी मला माझी इतकी शरम वाटली की खाली बसावं लागलं.

ताईही बसली, तिच्या नेहमीच्या चार हातांवर. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी मी रोज एकच प्रार्थना करायची. प्रभू, मला इथून घरी ने. रात्रंदिवस तेच. मला रोगाची भीती नव्हती रे, तुम्ही सगळे मला विसरून जाल याची होती. मग एक दिवस इथल्या एका म्हातारीच्या जखमा धूत होते. धुता धुता लक्षात आलं की तो मला न्यायला यायची मी वाट बघते आहे, आणि तो तर केव्हाच कुंपणाच्या आत येऊन राहिला आहे. तो इथे आहे तर मी कशाला भ्यायचं? त्या दिवसापासून झोप लागायला लागली."

"मग आता का येत नाहीस?"

"तू भितोस म्हणून. तुझ्या घरात माझं ताट वेगळं, माझी वाटी वेगळी, पोरं माझ्याजवळ आली की करुणाचा जीव खालीवर. त्यापेक्षा मी इथे सुखात आहे." मग ती थोडी हसली. "तू रविवारच्या शाळेत पोरांना महारोग्याची गोष्ट सांगत असशील ना? प्रभूनं आधी हात लावला, आणि मग तो माणूस बरा झाला. आपल्या घरात उलटंच आहे. बरी झाले तरी हात लागत नाही."

ती गोष्ट मी वीस वर्षं सांगत आलो आहे. फळ्यावर चित्रं काढून सांगतो. हा क्रम माझ्या कधी ध्यानात आला नव्हता.

"उद्या प्रभुभोजन आहे," ताई उठत म्हणाली. "उपासनेला ये, जेव, आणि मग सुखानं जा. मी तुझ्यावर रागावलेली नाही."

रविवार

आश्रमाचं प्रार्थनामंदिर लहान, कौलारू. उपासना कानडीत. शब्द कळत नव्हते, पण क्रम आपलाच होता, आणि एका गीताची चाल तर थेट आमच्याकडची निघाली. मी मराठीत म्हणत होतो, भोवतालचे कानडीत, कुणाचं काही अडलं नाही. पुढच्या बाकांवर डॉक्टर, नर्सा आणि बाहेरून आलेले पाहुणे, मागच्या बाकांवर रोगी. ताईला आता पुढे बसायची परवानगी होती, पण ती मागेच, शेवटच्या बाकावर होती.

प्रभुभोजनाची वेळ आली, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याची. आमच्या राहुरीला प्रभुभोजनाला औषधाच्या मापाएवढे काचेचे पेले असतात. मंडळीतली वडीलधारी माणसं ते ताटात घेऊन बाकाबाकावर फिरवतात, ज्याचा त्याचा पेला वेगळा. ही पद्धत ज्यानं काढली त्याचे मी नेहमी मनातल्या मनात आभार मानतो. इथे सगळ्यांनी पुढे जाऊन वेदीपाशी गुडघे टेकायचे होते, आणि प्याला एकच होता. चांदीचा, मोठा. पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, प्रत्येकाच्या ओठाला तो लावत आणि नंतर पांढऱ्या फडक्यानं काठ पुसत. फडकंही एकच.

माझ्या शेजारी आश्रमाचे कंपाउंडर बसले होते. माझा चेहरा पाहून ते हळूच हिंदीत म्हणाले, "घबराइए मत. पहले बाहरवाले, मरीज सबसे आखिर में. यहाँ का कायदा है."

माझा जीव भांड्यात पडला. किती सोयीचा कायदा! पुढची रांग उठली, वृद्ध पाळकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, "बन्नी, मास्टर, बन्नी," म्हणजे या. मी अर्धा उठलोसुद्धा. पहिल्या पाचांत प्यायलो असतो, परत येऊन बसलो असतो, संध्याकाळी वसंताकडे जेवलो असतो. ताईनं स्वतःच नाही म्हटलं होतं. माझ्यावर कसला दोष नव्हता.

मी पुन्हा खाली बसलो.

मला प्रार्थना करायची होती. अकरा वर्षं मी ताईसाठी प्रार्थना करत आलो होतो: तिला सांभाळ, तिला बरं कर. प्रभूनं ते केलं होतं. आता मागायला काही उरलं नव्हतं, आणि मग जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. प्रभू, मला भीती वाटते. आरोग्यशास्त्र नाही, करुणाची तब्येत नाही, मुलांच्या परीक्षा नाहीत. मला माझ्या बहिणीची भीती वाटते. तू हात लावतोस, मला लावता येत नाही. मला धर.

एवढंच. आकाश उघडलं वगैरे काही झालं नाही. पण बोलून टाकल्यावर मला वाटलं की मी एकटा भीत बसलेलो नाही, शेजारी कुणी आहे आणि त्याला माझी लाज वाटत नाही. डोळे पुसून पाहिलं तर पुढचे बाक रिकामे झाले होते आणि रोग्यांची रांग चालली होती. कुणी काठी टेकत, कुणी दुसऱ्याच्या खांद्याला धरून. कंपाउंडर माझा कोपर ढोसून म्हणाले, "मास्टरजी, आप रह गए." मी म्हटलं, "नहीं, मेरा नंबर बाकी है."

सगळ्यांच्या शेवटी ताई निघाली. ती माझ्या बाकापर्यंत आली तेव्हा मी उठून तिच्या मागे उभा राहिलो. तिनं वळून पाहिलं आणि हळू आवाजात मराठीत दटावलं, "अरे, पुढे हो. तू पाहुणा आहेस."

"तू थोरली आहेस," मी म्हटलं. "आधी तू."

आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकले. भीती नाहीशी झाली असं मी म्हणणार नाही. ताई प्यायली. पाळकांनी फडकं उचललं. मी पुढे वाकलो आणि त्यांनी काठ पुसण्याआधीच प्याल्याला तोंड लावलं. ताईचे ओठ जिथे लागले होते तिथेच. पाळकांचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी प्याला आणखी थोडा कलता केला. द्राक्षारस आमच्याकडच्यापेक्षा गोड होता. खिशातला रुमाल काढून तोंड पुसावं अशी फार इच्छा झाली. मी हात खिशाकडे नेला नाही.

उठताना ताईला आधार लागला. मी तिचा डावा हात धरला. तो ऊबदार होता आणि त्यावर शेंगांचे हिरवे डाग होते. अकरा वर्षं मी कशाला भीत होतो ते मला त्या हाताकडे पाहून आठवेना.

दुपारी सगळ्यांबरोबर पंगतीला बसलो. नाचणीचा मोठा गोळा आणि पावट्याचं पातळ कालवण. मी भाकरीसारखा घास चावायला लागलो तर समोरचे रोगी हसून हसून बेजार झाले. ताई म्हणाली, "चावायचा नसतो, बुडवून गिळायचा. घशाला काही होत नाही." जेवण संपेपर्यंत घरी येण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही विचारायचा धीर करत नव्हतो. हात धुताना ती म्हणाली, "मंगळवारच्या गाडीला दोघांना दोन दिवसांचा डबा लागेल. चपात्या घेऊ की इडल्या? चपात्या टिकतील."

त्या संध्याकाळी मी वसंता आणि सुमनला खरं काय ते सांगितलं. सुमन म्हणाली, "सरी, मग सोमवारी त्यांना इकडेच आणा. स्टेशन जवळ पडेल." आणि सोमवारी रात्री तिनं ताईला आपल्याच खाटेवर झोपवलं.

राहुरी

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. ताई खिडकीशी बसून होती आणि मराठी पाट्या दिसायला लागल्यावर प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचत होती.

राहुरीला उतरलो तेव्हा दिवस वर आला होता. आमचा नेहमीचा टांगेवाला पुढे आला, सामान उचललं आणि म्हणाला, "गुरुजी, या बाई कोण म्हणायच्या?"

उत्तर तयार होतं. रजा मिळाली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी ताईकडे पाहिलं. काय सांगायचं ते तिनं माझ्यावर सोडलं होतं.

"माझी थोरली बहीण, मार्थाताई," मी म्हटलं. "तिला महारोग झाला होता. अकरा वर्षं औषध घेत होती. आता बरी झाली. आमच्याकडे राहायला आली आहे."

टांगेवाला एक पाऊल मागे सरला. ते पाऊल माझ्या चांगल्या ओळखीचं होतं, म्हणून मला त्याचा राग आला नाही. मी ताईचा हात धरून तिला टांग्यात चढवलं, तिच्या शेजारी टेकलो आणि घाई न करता वाट पाहत बसलो. थोड्या वेळानं त्यानं लगाम उचलला.